टाक्यापाशी दोन हाका

माझ्या वडिलांना जेवायला बोलवायचं तर तीन हाका माराव्या लागत. पहिलीला हूं नाही की चूं नाही. दुसरीला फार तर पेपराचं पान उलटल्याचा आवाज. तिसरी गेली की मात्र लगेच "ओ, आलो!" आणि असे लगबगीने पाटावर येऊन बसायचे, जसं काही पहिल्या हाकेलाच धावत आले. आई वाढता वाढता करवादायची, "बहिरे म्हणावं तर आमटीत मीठ कमी म्हटलेलं भिंतीपलीकडून ऐकू येतं यांना."

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर त्यांची सगळी नोकरी गेली. त्या घरघराटाने कान गेले असणार, असं आईने ठरवूनच टाकलं होतं. शेवटी मीच एकदा त्यांना कॉलेज रोडवर कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने हेडफोन लावून तपासलं, कागदावर रेघा काढल्या आणि म्हणाला, "ठणठणीत आहेत कान. माझ्यापेक्षा चांगले." बाबा रिक्षात बसून घरी येईपर्यंत हसत होते. आईने दिवसभर अबोला धरला. नवऱ्याचे कान चांगले निघाले म्हणून रागावलेली बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यावर लोक आमचं समाधान करायला म्हणायचे, "अहो, त्यांना ऐकूच गेलं नसेल." ऐकू गेलं होतं. ते कोणी मला सांगू नये.

बाबा पेठच्या पलीकडच्या डोंगरातले. घरची भात-नाचणीची शेती, थोडी खुरासणी, म्हणजे कारळे, आणि त्यात वर्ष निघालं नाही की खाली नाशिकच्या मळ्यांत मजुरीला. मिसरूड फुटायच्या वयात ते असेच माझ्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या मळ्यात आले. मखमलाबादकडे आजोबांची शेवंती आणि गुलाब होता. दुपारी मजुरांना भाकरीला बोलवायचं काम आईकडे. नव्या गड्याचं नाव तिला माहीत नव्हतं, म्हणून ती विहिरीच्या काठावर उभी राहून ओरडली, "ओ पेठवाले, भाकर गार होतेय!" पेठवाले ढिम्म. पुन्हा ओरडली. ढिम्म. तिसऱ्यांदा ओरडली ती पुढची शिवी तोंडात तयार ठेवूनच. तर या गृहस्थांनी शेवंतीतून मान वर काढली, "ओ" म्हणाले आणि हसले. आई म्हणायची, "तिथेच फसले मी." पुढे त्या लग्नावरून दोन्ही घरांत जे रामायण झालं ते इथे नको.

तीन हाकांचं कारण त्यांनी तिला लग्नानंतर सांगितलं, आणि मला समजायला लागल्यावर मला. डोंगरात चकवा असतो. वाटसरूला हाक मारतो, वाट सोडायला लावतो आणि मग त्याच त्या जागी गोल गोल फिरवतो. "पहिली हाक वाऱ्याची असती," बाबा सांगायचे. "दुसरी त्याची. तिसरी माणसाची. त्याला तिसरी मारता येत नाय." का येत नाही, म्हणून मी हुज्जत घालायचे. "तू शिकलेली ना? तूच शोध," म्हणायचे. पण एकदा गंमत बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं होतं. त्यांचा सख्खा चुलता धुक्याच्या दिवशी पडवीत बसलेला असताना एका हाकेला ओ देऊन उठून गेला आणि नंतर कड्याखाली सापडला. बाबा तेव्हा लहान होते आणि त्याच पडवीत त्याच्या शेजारी बसले होते. ती हाक त्यांनीही ऐकली होती का, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आता फार सुचतं.

लहानपणी मी त्यांची नक्कल करायचे. आई हाका मारतेय आणि मी तिसरीची वाट बघत गादीवर लोळतेय. तिसऱ्या हाकेऐवजी लाटणं यायचं. "एक नमुना पदरात पडलाय तेवढा पुरे," असं म्हणून ती मला कानाला धरून पानावर बसवायची. बाबा मान खाली घालून भात कालवत हसायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्याने बऱ्याच जणांना वेळेआधीच घरी बसवलं, त्यात बाबाही आले. घरी बसलेला नवरा म्हणजे डोक्याला ताप. नळाला धार बारीक का, गॅस मोठा का, दूधवाला उशिरा का! आई रडकुंडीला आली होती. तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या एका पोराने तिची सुटका केली. हा बँकेत कारकून, चष्मा, काडीसारखा. तो आणि त्याचे चार-पाच मित्र दर रविवारी पाठीवर सॅक टाकून गडकिल्ले फिरायचे. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. घाटाखालून मीठ, तांदूळ, गुरं घेऊन लोक पूर्वी ज्या वाटांनी नाशिकच्या बाजाराला यायचे, त्या वाटा शोधायच्या, झुडपं तोडून खोदीव पायऱ्या मोकळ्या करायच्या, पाण्याची टाकी उपसायची आणि खडकांवर पांढरे बाण रंगवायचे, म्हणजे कोणालाही त्या वाटांनी चालता येईल. गडावर डांबरी रस्त्याने जाऊन काय बघणार, गड त्याच्या वाटेने बघायचा, असं तो म्हणायचा. बाबा त्या वाटांनी डोक्यावर भाताचं ओझं घेऊन चाललेले. दोघांचं गूळपीठ जमलं.

मी पण जायचे. पहाटे पेठ नाक्यावर एसटी पकडायची, कंडक्टरशी सॅकवरून भांडायचं, डोंगर दिसायला लागला की उतरायचं. बाबा पुढे, आम्ही मागे. डोंगरातले बाबा घरातले बाबा नव्हतेच. चाल वेगळी, बोलणं वेगळं, "आहे" चं "हाय" झालेलं. पण ते काही चुकत नसत असं नाही हं. एकदा त्यांनी आम्हाला अर्धा दिवस करवंदीच्या जाळीतून फिरवून पुन्हा त्याच उंबरापाशी आणून सोडलं आणि वर छाती पुढे काढून सांगितलं, "चकवा लागला." पोरं हसून हसून खाली बसली. "काका, चकव्याचा स्टॉप कुठल्या वळणावर आहे? रिक्वेस्ट स्टॉप का?" एकाने तर उंबराच्या खोडावर बाण काढून त्याखाली "चकवा" असं लिहिलं. बाबाही हसले, पण त्यानंतर त्यांनी पोरांसमोर तो विषय काढला नाही. तीन हाकांची गोष्ट त्यामुळे त्यांना कधी कळलीच नाही. त्यांची समजूत हीच, की काका जरा कानाने जड आहेत, मोठ्याने ओरडावं लागतं.

पोरांची हाका मारायची एक पद्धत होती. धुक्यात कोणी मागे-पुढे झालं की एक हाक दरीकडे तोंड करून, एक कड्याकडे तोंड करून, मग गप्प राहून कानोसा घ्यायचा आणि पुढे सरकायचं. एका जागी ओरडत बसून घसा आणि उजेड घालवायचा नाही, हा चष्मेवाल्याचा नियम. शिट्ट्याही असायच्या सगळ्यांच्या गळ्यात. बाबांना शिट्टी अजिबात आवडायची नाही. शीळ जनावराला घालायची, माणसाला नाही, असं म्हणून ते आपली शिट्टी खिशात टाकून ठेवत.

ज्या डोंगरावर ते गेले त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की लोक रविवारी ते टाकं शोधत जातील आणि तिथे उभं राहून फोटो काढतील. तेवढा माझा हट्ट.

ऑक्टोबर होता. दिंडोरीकडे द्राक्षांची छाटणी चालू, त्यामुळे डोंगरापायथ्याच्या पाड्यातली कामाची सगळी माणसं तिकडे गेलेली. मागे म्हातारी, लेकरं आणि दोन-चार बाया. मला ताप होता म्हणून मी घरी. पोरं खालच्या नाळेत, म्हणजे कड्याच्या चिंचोळ्या खाचेत, बाण रंगवत बसली होती. बाबा म्हणाले, वरच्या पायऱ्या दगडांनी बुजल्यात का बघून येतो. भाकरीचं फडकं सोबत घेतलं आणि गेले. मग परतीचा पाऊस आला, त्यामागून धुकं आलं. बाबा आले नाहीत.

डोंगराच्या मध्यावर एक सपाटी आहे, तिथे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. पोरं हाका मारत तिथवर चढली. टाक्याच्या मागे, कारवीच्या दाट झाडीत, एक बुटकी गुहा आहे. ती त्यांना ठाऊक नव्हती. उजेड गेला, पाऊस वाढला, पायऱ्यांवरून पाणी लोंढ्याने यायला लागलं, तेव्हा ती खाली उतरली. एक जण ट्रकने पेठला गेला आणि त्याने आमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांचाच नंबर सगळ्यांना दिलेला असायचा. शेजारीण दारात आली ती हात पुसत, आणि पुसतच राहिली. आईने फक्त विचारलं, "त्यांच्याकडे भाकरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा जीपने पोचेपर्यंत त्यांना खाली आणलं होतं. पाड्यातल्या एका म्हातारबाबाने पोरांना सकाळी गुहेपाशी नेलं. पाय मोडला होता, वर मांडीपाशी. घसरून पडल्यावर ते खुरडत गुहेत गेले असणार. ओला शर्ट काढून, पिळून, दगडावर नीट पसरून ठेवला होता. चपला शेजारी शेजारी, जोडीने. अर्धी भाकरी खाल्ली होती आणि अर्धी पुन्हा फडक्यात बांधून ठेवली होती. पाठ भिंतीला, तोंड गुहेच्या दाराकडे. थंडीने गेले, डॉक्टर म्हणाला. म्हणजे कितीतरी वेळ ते शुद्धीवर होते, शर्ट पिळण्याइतके, भाकरी राखून ठेवण्याइतके. टाक्यापासून गुहा हाकेच्या अंतरावर. हा शब्द मी त्यानंतर आजच पहिल्यांदा वापरतेय.

मग ओ का दिली नाही? मला तेरा दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. मामा म्हणायचा ग्लानी आली असेल. शेजारी म्हणायचे पावसाचा आवाज.

तेरावं झाल्यावर पोरं भेटायला आली. चष्मेवाला भिंतीला टेकून बसला. चहाचा कप हातात धरून होता, पीत मात्र नव्हता. मग आपणहूनच बोलायला लागला. "काकू, आम्ही टाक्यापर्यंत गेलो होतो हो. टाक्याच्या काठावर मी स्वतः उभा राहून हाका मारल्या. घसा फोडून मारल्या. काकांचा आवाज आला असता तर मी त्यांना घेतल्याशिवाय खाली उतरलो नसतो."

"किती मारल्यास?" आईने विचारलं.

"काय?"

"हाका."

"दोन. एक दरीकडे, एक कड्याकडे. खालच्या वाटेवरच्या हाका तर पावसात विरल्याच असतील. मग कानोसा घेतला. शिट्ट्या तर किती मारल्या, काकू. पण तोवर अंधारायला लागलं..."

"दोन," आई म्हणाली. उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी तिच्यामागे आत गेले तर ती ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. मला सगळं दिसलं. गुहेच्या दाराकडे तोंड करून बसलेला माणूस. धुकं. एक हाक. तो थांबलाय. दुसरी हाक. तो सावरून बसला असेल, ओ तोंडात तयार ठेवली असेल. आणि मग काही नाही. पावलं खाली जाताना ऐकली असतील का त्याने? का ती पावलंही त्याचीच वाटली, चकव्याची?

मी बाहेर जायला वळले. मी काय बोलले असते देव जाणे. आईने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. "त्याला कळता कामा नये," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कधीच नाही. पोर आहे ते. जन्मात डोळ्याला डोळा लागायचा नाही त्याचा."

"आणि आपला?"

"आपलं आपण बघू."

मग तिने तोंडावर पाणी मारलं, डब्यातून बिस्किटं काढली, बाहेर जाऊन त्याच्यासमोर बसली आणि चहा गार झालाय म्हणून दुसरा करून त्याला प्यायला लावला. मी दारात उभी राहून बघत होते. मला तिचा राग आला, त्याचा आला, आणि सगळ्यात जास्त बाबांचा आला. अहो, माणूस मरायला टेकलाय आणि मोजत काय बसलात! एकदा चुकून ओ दिली असती तर काय बिघडलं असतं? आला असता चकवा तर आला असता. पाय मोडलेल्या माणसाला तो आणखी कुठे फिरवणार होता? हे भांडण मी त्यांच्या फोटोशी कित्येक वर्षं घातलं. आई ऐकायची आणि फोटोचा हार सारखा करायची.

त्यानंतर आमच्या घरात एक गोष्ट बदलली, ती बाहेरच्या कोणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. आई दोनच हाका मारायला लागली. मला, मामाच्या पोरांना, भाजीवाल्याला, कोणालाही. एक हाक, दुसरी हाक, आणि मग गप्प. तिसरी तिच्या तोंडातून निघेना. मी न्हाणीत असले, गच्चीवर कपडे वाळत घालत असले आणि तिने हाक मारली की दोन हाकांनंतर घर एकदम थांबल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या हाकेची जागा तशीच रिकामी, आणि त्या जागेत कोणीतरी कान देऊन बसलंय असं मला वाटायचं. मी घाबरट नाही. ऑफिसात साहेबाच्या तोंडावर बोलणारी बाई आहे मी. पण ती शांतता मला सोसेना. म्हणून मी पहिल्याच हाकेला धावायला लागले. साबण तोंडाला असला तरी, हात पिठात असले तरी, "आले गं, आले!" माझं लग्न झालं, चाललं नाही, परत आले, त्यानंतरही तेच. पहिल्याच हाकेला ओ देऊन टाकायची, म्हणजे पुढची शांतता यायलाच नको.

मी डोंगर सोडला. रविवारी सॅका घेतलेली पोरं दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. चष्मेवाल्याने सोडला नाही. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचा, आईच्या पाया पडायचा, तिची औषधं आणून द्यायचा. ती त्याला लग्न कर म्हणून मागे लागायची. बाबांचा विषय दोघंही काढत नसत. मी आपली चिवड्यातले दाणे वेचत बसायचे.

मधे बरीच वर्षं गेली. दिंडोरीकडे जिथे तिथे वाइनचे बोर्ड लागले. पाड्यापर्यंत डांबर गेलं. लोक पैसे भरून हौसेने डोंगर चढायला लागले, टोप्या काय, काठ्या काय! आणि एका संध्याकाळी चष्मेवाला आला. आता पोट सुटलेलं, केस मागे गेलेले, बँकेत साहेब झालेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "काकू, वाट पूर्ण झाली. घाटाखालपासून गडापर्यंत. पायथ्याला फलक लागतोय. काकांनी सुरू केलेली वाट आहे, पहिलं पाऊल तुमचं पडावं असं सगळ्यांच्या मनात आहे."

मला वाटलं आई नको म्हणेल. तिचे गुडघे म्हणजे नुसते नावाला. ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "वर गडावर नको मला," ती म्हणाली. "टाक्यापर्यंत येता येईल का?"

पुन्हा ऑक्टोबरच होता. मामाच्या नातीचे कॅनव्हासचे बूट आईने नऊवारीखाली घातले. ते ध्यान बघून मी हसले तर म्हणाली, "तुझ्या बापाने बघितलं असतं तर डोंगरावरूनच खाली पडले असते." म्हणाली आणि तिने जीभ चावली. मग तीच आधी हसली.

फलकापाशी नारळ फुटला, टाळ्या झाल्या. बाकीचे पुढे गडाकडे गेले. आम्ही तिघं मागे, आई, मी आणि चष्मेवाला. दर वळणावर पांढरा बाण, जुना पुसट आणि त्यावर नवा. ती प्रत्येक बाणापाशी बसायची, पाय चोळायची आणि म्हणायची, "किती रे हे चढवता माणसाला, मीठ आणायला दुसरी वाट नव्हती का यांना?" तो हात द्यायचा. सोनकीची पिवळी फुलं सगळीकडे होती आणि वारा होता. धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन होतं. मला धुक्याचीच भीती वाटत होती, पण खरं सांगते, त्या उन्हात मला जास्त भीती वाटली. सगळं इतकं जवळ जवळ दिसत होतं.

टाक्यातलं पाणी हिरवं होतं. मागची कारवी पोरांनी तोडून टाकलेली, त्यामुळे गुहेचं दार सरळ समोर. इतकं जवळ, की मी मनातल्या मनात शिवी घातली. चष्मेवाला टाक्याच्या काठावर एका जागी जाऊन उभा राहिला. "इथे उभा होतो मी, काकू," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "तू काही कमी केलं नाहीस. जा, त्या खालच्या झऱ्यावरून बाटली भरून आण. टाक्यातलं पाणी मला सोसायचं नाही."

"बाटलीत आहे, काकू."

"ते कोमट झालंय. जा रे बाबा."

तो गेला. त्याची पावलं पायऱ्यांवरून खाली खाली जाईपर्यंत ती थांबली. मग कमरेला हात देऊन उठली, पदर खोचला आणि बरोबर तो उभा होता तिथे जाऊन उभी राहिली. तोंड गुहेकडे. ती काय करणार हे मला कळलं.

"आई, तिन्ही मारणार आहेस?" मी विचारलं.

"तीन कशाला?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दोन मारून झाल्यात. एकच राहिलीय."

आणि तिने हाक मारली. "अहो" म्हणून मारेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली, "ओ पेठवाले! भाकर गार होतेय!"

तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मळ्यातल्या पोरीचा आवाज होता तो, विहिरीवरून शेवंतीच्या पार टोकाला पोचणारा. मला एकदम रडू फुटलं. आणि रडता रडता मी कान टवकारून ऐकत होते, लाज वाटत नाही सांगायला. ओ आली, असं लिहिलं असतं तर बरं झालं असतं. नाही आली. टाक्यात कुठूनतरी पाणी ठिबकत होतं तेवढंच.

पान वाढून घरी ती जितकी थांबायची तितकीच ती थांबली. मग पदर सोडला, डोळे पुसले आणि म्हणाली, "चला. निघाले असतील ते."

चष्मेवाला धापा टाकत वर आला. "काकू, हाक मारलीत का मला? एकदा आवाज आल्यासारखा वाटला."

"छे रे," आई म्हणाली. "वारा असेल." आणि बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायली. मग पिशवीतून भाकरी आणि खुरासणीची चटणी काढली. आम्ही तिघांनी टाक्याच्या काठावर बसून खाल्ली. त्याच्या पानात तिने एक भाकरी जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी मला रजा होती. मी आतल्या खोलीत कपाट आवरत होते. दुपारी स्वयंपाकघरातून हाक आली, माझ्या नावाने. इतक्या वर्षांच्या सवयीने "आले" अगदी ओठांवर आलं होतं. मी ते तिथेच धरून ठेवलं. हातात घडी केलेली चादर, मी तशीच उभी.

दुसरी हाक आली.

मग घर थांबलं, नेहमीसारखं. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. आतून भांड्याचा आवाज आला, मग झाकणाचा.

"अगं ए, ऐकतेस का? भाकर गार होतेय!"

"ओ," मी म्हणाले. "आले."